रस्ता ओलांडण्यापूर्वीचे सहा सेकंद

चालक आणि पादचारी एकमेकांचा अंदाज कसा घेतात, याचा शोध आभासी रस्त्यावर

धामणगाव रेल्वे (प्रतिनिधी) : मुंबई-हावडा लोहमार्गावरील धामणगाव हे वर्षानुवर्षे यवतमाळकरांचे गाडी पकडण्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. कापसाच्या हंगामात येथील रस्त्यांवर एकाच वेळी एसटी, काळीपिवळी, कापसाने भरलेले ट्रॅक्टर, एखादी बंडी, शाळेतून सुटलेली मुले आणि पिशवी सांभाळत चाललेली म्हातारी माणसे असतात. त्यात आता समृद्धी महामार्गाची भर पडली आहे. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ पासून वापरात आला. धामणगाव तालुक्यातून जाणाऱ्या या मार्गावर पादचाऱ्याला मज्जाव आहे आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. मात्र तीच मोटार धामणगावच्या इंटरचेंजवरून खाली उतरली की काही मिनिटांत तिच्यासमोर पायी चालणारा माणूस येतो. चालकाचा पाय आणि डोळा मात्र अजून महामार्गावरच असतो.

अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस आणि येणाऱ्या गाडीचा चालक यांच्यात एक अबोल व्यवहार घडतो. हा थांबेल का, असे एकाला वाटते. तो मध्ये येईल का, असे दुसऱ्याला. दोघेही मोजक्या सेकंदांत निर्णय घेतात. बहुतेक वेळा तो जुळतो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. जेव्हा जुळत नाही, तेव्हा पंचनामा होतो.

पंचनाम्यात न सापडणारी गोष्ट

घटनास्थळाच्या पंचनाम्यात टायरच्या घसरणीच्या खुणा, गाडीची स्थिती, रस्त्याची रुंदी, उजेड या बाबी नोंदविल्या जातात. २०२१ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत अपघातांची माहिती 'आयरॅड' या संगणकीय प्रणालीत भरण्यास सुरुवात झाली. अपघात कोठे आणि किती होतात, हे त्यामुळे पूर्वीपेक्षा नेमके कळू लागले. तथापि धडकेच्या आधी चालकाने पादचाऱ्याला नेमके कधी पाहिले, पादचाऱ्याने पाऊल उचलताना गाडी किती दूर होती, दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या मनातले चुकीचे ताडले, हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. ज्याला ते सांगता आले असते, तो अनेकदा हयात नसतो. जो हयात असतो, तो 'अचानक आडवा आला' एवढेच सांगतो. ते खोटे असतेच असे नाही. चालकाला खरोखरच ते अचानक वाटलेले असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२ हजार ८२५ जण पादचारी होते, म्हणजे जवळपास दर पाचांमागे एक. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक जण रस्त्यावर मरण पावले. एवढी मोठी संख्या असूनही धडकेआधीच्या त्या काही सेकंदांविषयी फार थोडे ठाऊक होते, कारण त्यांचा प्रयोग करता येत नाही. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गाडीसमोर माणसाला चालवून 'आता काय होते ते पाहू' असे कोणताही संशोधक म्हणू शकत नाही. याच अडचणीतून आभासी रस्त्याची वाट निघाली.

पवईच्या प्रयोगशाळेतील रस्ता

या विषयातील एक महत्त्वाचे काम महाराष्ट्रातच झालेले आहे. मुंबईच्या पवई येथील आयआयटीतील स्थापत्य अभियांत्रिकी विभागात प्रा. नागेंद्र वेलगा आणि त्यांचे सहकारी सिम्युलेटरवर चालकांच्या वर्तनाचा अभ्यास करीत आले आहेत. सिम्युलेटर म्हणजे मोटारीसारखी बैठक, तिला स्टीअरिंग, ब्रेक, क्लच, गिअर, आणि समोर पडद्यांवर संगणकाने उभा केलेला रस्ता. चालक स्टीअरिंग फिरवील तसा रस्ता वळतो आणि ब्रेक दाबील तशी गाडी मंदावते. ब्रेकवर पाय कोणत्या क्षणी पडला, तो किती जोराने पडला, वेग किती होता, गाडी आपल्या पट्ट्यातून किती सरकली, या साऱ्याची नोंद संगणक सेकंदाच्या अंशाने ठेवतो. धडक झाली तरी पडद्यावरच होते. चालक उठून चहा प्यायला जाऊ शकतो.

पुष्पा चौधरी आणि वेलगा यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० परवानाधारक चालकांना अशा आभासी रस्त्यावर गाडी चालविण्यास सांगण्यात आले. प्रवासात दोन प्रसंग पेरलेले होते. एकात पादचारी रस्ता ओलांडू लागतो, दुसऱ्यात कडेला उभी असलेली वाहने रस्त्यात आडवी येतात. प्रत्येक चालकाने हा प्रवास फोनविना केला आणि फोन वापरीतही केला. साधे बोलणे, विचार करावा लागेल असे बोलणे, छोटा संदेश लिहिणे आणि लांब, गुंतागुंतीचा संदेश लिहिणे, असे फोन वापरण्याचे चार प्रकार ठरविलेले होते.

पादचारी दिसल्यापासून प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ साध्या बोलण्यामुळे ४० टक्क्यांनी वाढला. विचारपूर्वक बोलण्यामुळे तो ९५ टक्क्यांनी, साध्या संदेशामुळे १३७ टक्क्यांनी आणि गुंतागुंतीच्या संदेशामुळे २०४ टक्क्यांनी वाढला. वाहन आडवे येण्याच्या प्रसंगातही वाढ दिसली. ती अनुक्रमे ४८, ६५, १२१ आणि १७१ टक्के होती. यातील एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. साधे बोलणे वगळता उरलेल्या तिन्ही प्रकारांत पादचाऱ्याच्या प्रसंगी झालेली वाढ वाहनाच्या प्रसंगातील वाढीपेक्षा अधिक आहे. लक्ष विचलित झाले की त्याची अधिक किंमत पायी चालणाऱ्याला मोजावी लागते, असा त्याचा अर्थ निघतो.

टक्केवारी मनात लगेच उतरत नाही, म्हणून तिचे मीटर करून पाहणे बरे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. हिशेबाच्या सोयीसाठी सावध चालकाला प्रतिसाद देण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर ब्रेकला पाय लागण्यापूर्वी गाडी १७ मीटर गेलेली असते. फोनवर साधे बोलणाऱ्याची गाडी २३ मीटर, विचारपूर्वक बोलणाऱ्याची ३२ मीटरांच्या पुढे आणि लांब संदेश लिहिणाऱ्याची ५० मीटर जाते. हे अंतर ब्रेक लागण्याआधीचे आहे. गाडी थांबण्यास लागणारे अंतर त्यापुढे वेगळे मोजायचे. हात मोकळे ठेवून, कानात यंत्र घालून बोलले तर चालते, अशी जी समजूत आपल्याकडे रूढ आहे, तिला विचारपूर्वक बोलण्याचा आकडाच उत्तर देतो. अडचण हातांत नसून लक्षात आहे.

याच सिम्युलेटरच्या आधारे मद्याच्या अमलाचा आणि अपुऱ्या झोपेचा चालकाच्या प्रतिसादावर होणारा परिणामही आयआयटीतील अभ्यासकांनी तपासला आहे. ज्याची परीक्षा खऱ्या रस्त्यावर घेणे हाच गुन्हा ठरेल, ते येथे बंद खोलीत तपासता आले.

पादचाऱ्याच्या पायांतून

चालकाच्या आसनावरून दिसणारी बाजू ही अर्धीच झाली. दुसरी अर्धी रस्त्याच्या कडेला उभी असते. तिचा अभ्यास करण्यासाठी परदेशांत पादचाऱ्यांचे सिम्युलेटर तयार झाले आहेत. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात ९ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद अशी एक खोलीच त्यासाठी उभारलेली आहे. तिच्या भिंतींवर आणि जमिनीवर रस्ता प्रक्षेपित केला जातो. प्रयोगात सहभागी झालेला माणूस त्यात खरोखर पावले टाकतो, आणि त्याचे डोके वळेल त्याप्रमाणे दृश्य बदलते. गाड्या येतात, मंदावतात किंवा मंदावत नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात जोडी प्लमर्ट आणि जोसेफ कर्नी यांच्या प्रयोगशाळेने अशाच प्रकारे लहान मुलांचा अभ्यास केला.

आयोवातील २०१७ चा तो अभ्यास प्रत्येक शिक्षकाने आणि पालकाने वाचावा असा आहे. ६, ८, १०, १२ आणि १४ वर्षांची मुले व प्रौढ यांना ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या रांगेतून आभासी रस्ता अनेक वेळा ओलांडण्यास सांगण्यात आले. सहा वर्षांच्या मुलांची ८ टक्के वेळा गाडीशी धडक झाली, आठ वर्षांच्या मुलांची ६ टक्के वेळा, दहा वर्षांच्या मुलांची ५ टक्के वेळा आणि बारा वर्षांच्या मुलांची २ टक्के वेळा. चौदा वर्षांच्या मुलांची आणि प्रौढांची एकदाही धडक झाली नाही. लहान मुले बेफिकीर असतात म्हणून असे होते, हे सोपे उत्तर येथे पुरे पडत नाही. मुलांची चूक बारीक होती. दोन गाड्यांमधील मोकळी जागा ती मोठ्यांसारखीच निवडीत, पण पुढची गाडी गेल्याबरोबर नेमक्या क्षणी पाऊल उचलणे त्यांना साधत नसे. त्या विलंबात निवडलेली जागा अपुरी पडे. बारा वर्षांची मुले मात्र आपली ही उणीव मोठी जागा निवडून भरून काढताना दिसली. 'नीट बघून जा' ही ताकीद म्हणूनच अर्धवट आहे. मूल नीट बघते, परंतु वेळेवर निघत नाही.

वयाच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच अडचण आहे. फ्रान्समधील रेजिस लोब्वा आणि व्हिओला कावालो यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसे गाडीचे अंतर पाहतात, वेळ पाहत नाहीत, या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. गाडी ५० मीटर दूर आहे, एवढे डोळ्यांना कळते. परंतु ५० मीटर ताशी ४० च्या वेगाने साडेचार सेकंदांत संपतात आणि ताशी ६० च्या वेगाने तीन सेकंदांत, हा हिशेब डोळे करीत नाहीत. त्यामुळे वेग वाढला की पादचारी कमी वेळाच्या अंतरातही निघण्याचा धोका पत्करतात. चाल मंदावलेल्या वयस्कर माणसांना ही चूक अधिक भोवते.

धामणगावसारख्या तालुक्याच्या गावातील दुपदरी रस्ता साधारण ७ मीटर रुंद धरला आणि चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर तो ओलांडण्यास जवळपास सहा सेकंद लागतात. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आठ सेकंद लागू शकतात. त्या सहा सेकंदांत ताशी ४० ची गाडी ६७ मीटर, ताशी ६० ची १०० मीटर आणि ताशी ८० ची १३३ मीटर येऊन पोहोचते. एवढ्या दुरून येणाऱ्या गाडीचा वेग किती, हे उन्हात डोळ्यांवर हात धरून ओळखायचे असते.

दोघांना एकाच रस्त्यावर आणणे

चालकाच्या सिम्युलेटरमधील पादचारी हा संगणकाचा बाहुला असतो. पादचाऱ्याच्या सिम्युलेटरमधील गाडीही ठरविल्याप्रमाणे धावते. खऱ्या रस्त्यावर मात्र दोन्ही बाजूंना माणूस असतो. एकाने पाऊल मागे घेतले की दुसरा वेग वाढवितो, आणि एकाने वेग कमी केला की दुसरा धीर करतो. ही देवाणघेवाण पकडण्यासाठी दोन सिम्युलेटर एकमेकांना जोडण्याची पद्धत पुढे आली. जर्मनीत म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात आणि नंतर लीड्समध्ये असे प्रयोग झाले. एक जण यंत्राच्या आसनावर बसतो, दुसरा वेगळ्या खोलीत पायांवर उभा असतो, आणि दोघेही एकाच आभासी रस्त्यावर एकमेकांना पाहतात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये अशा जोडसिम्युलेटरची संगणकप्रणाली सर्वांना वापरता येईल अशी खुली केली. चालकविरहित मोटारींना माणसांत वावरता यावे, हा या साऱ्या धडपडीमागील एक मोठा हेतू आहे. मोटारीला डोळा मारता येत नाही की मान हलविता येत नाही, त्यामुळे ती थांबणार आहे हे पादचाऱ्याला कसे कळावे, असा तो प्रश्न आहे.

वऱ्हाडात चालकविरहित मोटार येण्यास अवकाश आहे. परंतु संकेतांचा प्रश्न येथे आजच आहे, आणि तो परदेशी उत्तरांनी सुटणारा नाही. एकच उदाहरण घ्यावे. समोरच्या गाडीने दिव्यांची उघडझाप केली, तर ब्रिटनमधील पादचारी 'तुम्ही जा' असा अर्थ बहुधा घेतो. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे 'मी येतो आहे, तुम्ही थांबा'. तेच दिवे आणि तीच उघडझाप, अर्थ मात्र नेमका उलटा. भोंग्याचेही तसेच. आणि आपल्या पादचाऱ्याजवळ एक संकेत असा आहे, जो कोणत्याही वाहतूक पुस्तिकेत शिकविला जात नाही. उघडा तळवा चालकाकडे करून तो चालू लागतो. त्या हातावर माणसे रोज रस्ते ओलांडतात.

आयआयटी मुंबईतील रघुराम कडाली आणि पी. वेदगिरी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, संमिश्र वाहतुकीवरील अभ्यासात भारतीय पादचाऱ्याची आणखी एक रीत नोंदविली आहे. तो संपूर्ण रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत नाही. एका वाहनामागून निघतो, मध्ये थबकतो, दुसऱ्याला वाट देतो, वेग आणि दिशा बदलीत पलीकडे पोहोचतो. अभ्यासक याला 'रोलिंग गॅप' म्हणतात. पट्ट्यापट्ट्याने धावणाऱ्या युरोपीय वाहतुकीवर बेतलेल्या सिम्युलेटरमध्ये ही चाल बसविणे सोपे नाही. त्यात बंडी, सायकल, ट्रॅक्टर, मध्येच प्रवासी उतरविणारा ऑटो आणि एसटीच्या आडून अवतरणारा माणूस घालावे लागतील. म्हणजे आधी आपल्या रस्त्यांची नोंद हवी.

या दृष्टीने विदर्भातच एक प्रयत्न झालेला आहे. नागपूर महापालिकेच्या बसगाड्यांवर २०२१ मध्ये हाती घेतलेल्या 'आयरास्ते' प्रकल्पांतर्गत कॅमेऱ्यांवर आधारित इशारायंत्रे बसविण्यात आली. इंटेल, हैदराबादच्या ट्रिपल आयटीतील आयएनएआय हे केंद्र, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्र कंपनी त्यात सहभागी होती. पादचारी किंवा वाहन धोकादायक रीतीने जवळ आले की यंत्र चालकाला सावध करते आणि ती जागा नोंदविते. अपघात झालेली नव्हे, तर थोडक्यात टळलेली ठिकाणे त्यातून कळतात. अशी नोंद हाच आभासी रस्त्याचा कच्चा माल होऊ शकतो.

इंटरचेंजपासून गावापर्यंत

महामार्गावरून उतरणाऱ्या चालकाविषयी वाहतूक-मानसशास्त्रात जुने निरीक्षण आहे. दीर्घकाळ मोठ्या वेगाने गाडी चालविल्यावर वेगाची जाणीव बोथट होते. वेग कमी केल्यावर तो प्रत्यक्षाहून अधिक कमी झाल्यासारखा वाटतो. चालक काट्याकडे न पाहता अंदाजाने वेग उतरवीत असेल, तर गावात शिरताना तो स्वतःला वाटतो त्यापेक्षा वेगात असतो. ब्रिटनमधील जी. जी. डेंटन या संशोधकाने १९७० च्या दशकात याचा अभ्यास सिम्युलेटरवर केला. रस्त्यावर आडवे पट्टे रंगवून त्यांतील अंतर हळूहळू कमी करीत नेले, तर चालकाला आपला वेग वाढत असल्याचा भास होतो आणि तो आपसूक ब्रेक दाबतो, असे त्याला आढळले. पुढे स्कॉटलंडमध्ये महामार्गाच्या शेवटी ते पट्टे प्रत्यक्ष रंगविण्यात आले आणि वेग कमी झाला. प्रयोगशाळेतील भासातून निघालेला हा उपाय रंगाच्या खर्चात झाला. आपल्याकडे चौकांआधी दिसणारे आडवे पट्टे दिसायला त्याच कुळातले असले, तरी अनेकदा त्यांतील अंतर सारखेच असते. मग त्यांचा उपयोग गाडीला हादरे देण्यापुरता उरतो.

एखादा गावरस्ता रुंद करायचा की मध्ये दुभाजक टाकायचा, गतिरोधक शाळेच्या आधी किती अंतरावर हवा, एसटी थांब्यापुढे झेब्रा क्रॉसिंग आखायचे की मागे, हे प्रश्न आज बहुधा कामाच्या आराखड्यावर आणि स्थानिकांच्या आग्रहावर सुटतात. पादचारी सुविधांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 'आयआरसी १०३' ही मार्गदर्शिका आहे आणि २०२२ मध्ये ती सुधारण्यातही आली. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला वाट देण्याचे बंधन चालकावर घातले आहे. पांढरे पट्टे पाहून आपल्याकडे किती गाड्या थांबतात, हे मात्र कोणत्याही चौकात पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते. रस्ता खोदण्यापूर्वी त्याच्या दोन-तीन रूपांवर काही चालकांना आणि काही पादचाऱ्यांना आभासी रीतीने वावरू दिले, तर कोणते रूप त्यांना एकमेकांकडे बघायला लावते, हे आधीच कळू शकेल. सिमेंटचा दुभाजक चुकला तर तो फोडावा लागतो. पडद्यावरचा दुभाजक पुसता येतो.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पडद्यावर मरण नसते, म्हणून काही जण एरवी करणार नाहीत ते धाडस तेथे करतात. काहींना चक्कर येते, मळमळते आणि प्रयोग अर्धवट सोडावा लागतो. पडद्यावरील गाडीचे अंतर आणि वेग खऱ्याप्रमाणे भासतीलच असे नाही. त्यामुळे सिम्युलेटरने सांगितलेला आकडा जसाच्या तसा रस्त्यावर लावू नये, असे या क्षेत्रात मानले जाते. फोनमुळे प्रतिसाद मंदावतो, वेग वाढला की पादचाऱ्याचा अंदाज चुकतो, ही दिशा मात्र भरवशाची असते.

सिम्युलेटर ही आता केवळ आयआयटीची मिरासदारी राहिलेली नाही. केंद्र शासनाच्या, १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटर असणे आवश्यक करण्यात आले. शिकाऊ चालक त्यावर गिअर बदलणे, घाटात गाडी चढविणे, पावसात ब्रेक लावणे शिकू शकतो. त्याच पडद्यावर थांब्यावर उभी असलेली एसटी आणि तिच्या आडून निघणारे आठ वर्षांचे मूल दाखविण्यास वेगळे यंत्र लागत नाही. लागते ते त्या प्रसंगाचे चित्रण, आणि ते चित्रण करण्यासाठी शाळा सुटण्याच्या वेळी धामणगावच्या रस्त्यावर उभा केलेला एक कॅमेरा.